अंदाज कशावरून?

लिफ्टमध्ये दोघंच होते. "त्या चष्मेवाल्या आजोबांचा गुडघा कसा आहे? त्यांचं मी..." एवढं त्याने म्हणायचा अवकाश, तिने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले.

"पुढे बोलू नका," ती म्हणाली. "माझं काम जाईल."

खरंच गेलं असतं. हॉस्पिटलमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दोन पद्धतींची चाचणी चालू होती. कुणाला जुनी, कुणाला नवी, हे चिठ्ठी ठरवायची. सर्जनची मर्जी तिथे चालत नसे. ऑपरेशन तो करायचा आणि दीड महिन्याने गुडघा किती वाकतो ते ती, फिजिओथेरपिस्ट, मोजायची. कुणाचं कोणतं ऑपरेशन झालंय हे तिला कळता कामा नये, नाहीतर मोजणारा हात नकळत एका बाजूला झुकतो. म्हणून सगळ्यांच्या गुडघ्यांवर सारखीच रुंद पट्टी बांधलेली असायची.

मग काय, रुग्ण सोडून जगातलं सगळं बोलून झालं. बहीण त्याला अजून शेंडेफळ म्हणते, हिला चहात साखर चालत नाही... दर गुरुवारी, मोजणीच्या दिवशी, तो काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीवरून जायचा. आणि एरवी इतकी व्यवस्थित असणारी ही बाई नेमकी गुरुवारीच दार लोटायला विसरायची.

घोटाळा तिथेच झाला. नव्या पद्धतीवर त्याचा भारी जीव. त्या पद्धतीचा रुग्ण आत असला की तो दारात थबकायचा, खालचा ओठ दाताखाली धरायचा. जुन्या पद्धतीचा असला की हसून पुढे जायचा. तिला ते कळायला लागलं, आणि कळलेलं विसरता येईना.

प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असे: कोणतं ऑपरेशन झालं असावं? अंदाज कशावरून? आजवर तिने ती जागा कोरीच सोडली होती. खरं लिहिलं तर गुरुवार हातचे जाणार होते. खोटं लिहिलं तर दोनशे माणसांनी विश्वासाने पुढे केलेले गुडघे वाया. तिचे डोळे भरून आले. तरी तिने लिहिलं: 'नवी पद्धत. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून.'

चाचणीच्या प्रमुख बाईंनी तिचे आधीचेही अंदाज विचारून चिठ्ठ्यांच्या यादीशी ताडून पाहिले. नऊच्या नऊ बरोबर. "हाच चेहरा मी दहा वर्षं बघतेय," बाई म्हणाल्या, "मला कधी काही कळलं नाही." ते नऊ गुडघे दुसऱ्या कुणीतरी पुन्हा मोजायचे ठरले, आणि मोजणीचं काम तिच्याकडून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिला जिन्यात गाठलं. माझ्यामुळे झालं सगळं, म्हणाला. तिने नाही म्हटलं नाही. वाईट वाटतंय, एवढं कबूल केलं.

"सगळ्यांचे चेहरे असे वाचता येतात तुम्हाला?"

"नाही... फक्त तुमचा."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. तो एक पायरी खाली आला.

"मग आत्ता काय दिसतंय?"

"ते तुम्हीच सांगा," ती हळूच म्हणाली. "इथे मी अंदाजावर चालणार नाही."

त्याने सांगितलं. अडखळत, मध्येच लाजत, पण सगळं सांगितलं. आणि दोघांनाही खाली जायचं होतं तरी कितीतरी वेळ त्या पायरीवरून कुणी हललं नाही.