उष्टावणाआधीचा घास

ज्याला हे खोटं वाटतं, त्याने खुशाल वाटून घ्यावं. पण हे घडलंय. गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका रविवारी, माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये. टॉवरचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. आणि अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती हं. भर दुपार होती. घरात माणसं होती, कुकरच्या शिट्या होत होत्या.

म्हणूनच जास्त किळस येते.

क्षिप्रा आणि केदारने नवा फ्लॅट घेतला, तेव्हा क्षिप्राच्या डोक्यात एकच खूळ होतं. लाकडी जमीन. बिल्डरच्या पांढऱ्या टाइल्स तिला दवाखान्यासारख्या वाटायच्या. शिवाय निहार, त्यांचं तान्हं बाळ, उद्या रांगायला लागेल. त्याच्या गुडघ्यांना गार फरशी लागू नये, हे तिचं म्हणणं. दुकानांतून बांबू पाहिला, परदेशी ओक पाहिला. तिला सगळंच नकली वाटलं. तिला सागवान हवं होतं, तेही जुनं. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे मात्र कोणी सांगत नाही.

कल्याणला जुन्या लाकडाची एक वखार आहे. पाडलेल्या घरांच्या तुळया, दारं, माडीच्या फळ्या तिथे येऊन पडतात. वखारवाल्या सीतारामशेठने चांगल्या सोनेरी फळ्या काढून दाखवल्या. क्षिप्राने त्या घेतल्या. पण तिची नजर कोपऱ्यातल्या चार-पाच फळ्यांवर अडकली.

त्यांच्यावर मोठमोठे काळपट डाग होते.

"यांना रंधा मारून देतो मॅडम, आतून साफ माल निघेल," शेठ म्हणाला.

"नको, नको! रंधा नका मारू. हाच तर लुक आहे. फक्त वरून पॉलिश करा."

"अगं, डाग आहेत ते. कसले आहेत कोण जाणे," केदार म्हणाला.

"अरे, लोक पैसे देऊन असे डाग करून घेतात."

झालं. त्या फळ्या हॉलच्या मधोमध बसल्या. निहार खेळायचा, बरोबर तिथेच.

सुरुवातीला काही नाही. मग...

तळवे चिकटायला लागले.

त्या जागेवरून पाय उचलला की 'चट्' असा आवाज यायचा. कामवालीने फिनेल टाकून पुसलं, केदारने पॉलिशवाल्याला शिव्या घातल्या. फडकं पिळलं की बादलीत काळसर, बुळबुळीत तार सुटायची.

थुंकीसारखी.

निहार रांगायला लागला आणि दिवसभर तिथेच जाऊन बसू लागला. जमिनीला तोंड लावायचा. "पोरं चाटतातच गं सगळं," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई म्हणजे हेमाताई, शिस्तीच्या बाई. पण निहार दूध टाकायला लागला, तेव्हा त्याही गप्प झाल्या. त्याची शी घट्ट आणि काळपट व्हायला लागली होती. नुसत्या दुधावरच्या बाळाची तशी होत नाही. क्षिप्रा लंगोट धुताना तोंड फिरवायची.

"पोट बिघडलं असेल," केदार म्हणायचा.

मग तो रविवार आला. निहारचं उष्टावण. बाळाच्या जिभेवर अन्नाचा पहिला घास ठेवायचा तो मामाने. तोवर दुधाशिवाय कशाचा कणही द्यायचा नाही, असा हेमाताईंचा कटाक्ष. डोंबिवलीहून क्षिप्राचा भाऊ विनीत आला. पाट मांडला तो नेमका त्या काळ्या फळ्यांवर, जागा तीच मोकळी होती. चांदीच्या वाटीत खीर, खिरीत सोन्याची अंगठी. निहार मामाच्या मांडीवर.

"ए हिरो, आ कर! आ..."

निहारने ओठ घट्ट मिटले. रडला नाही. त्याने मान वळवली, जिकडे कोणीच बसलेलं नव्हतं तिकडे. आणि...

त्या रिकाम्या जागेकडे बघून त्याने मोठा आ केला.

क्षणभर तसाच थांबला. मग तोंड मिटलं आणि त्याचे गाल हलायला लागले.

"बघा, मामाचं नको, हवा चालते!" विनीत हसला. सगळेच हसले.

क्षिप्रा हसली नाही. तिने पुढे होऊन त्याच्या तोंडात बोट घातलं. बोट बाहेर आलं आणि त्याच्यावर...

भात होता.

भात तर अजून कुकरमध्ये होता. आणि हा चावलेला होता. कोमट, लिबलिबीत लगदा, त्यात काळे कण. निहारला अजून एकही दात आला नव्हता.

हेमाताईंनी तिचं बोट नाकाजवळ नेलं आणि झटकन मागे सरकल्या. "शी! मशेरी आहे ही." मशेरी, म्हणजे जुन्या बायका दातांना लावायच्या ती भाजलेली तंबाखू. त्या घरात कोणी साधी सुपारी खात नव्हतं.

"पूर्वी म्हाताऱ्या बायका भात चावून बाळाच्या तोंडात..." हेमाताई मध्येच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे याचं उष्टावण कधीच झालंय."

क्षिप्रा बेसिनकडे धावली. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली.

दुसऱ्याच दिवशी फळ्या उखडल्या. खाली कोरडं सिमेंट. बाकी काही नाही. फक्त सांध्यांमध्ये भाताची शितं अडकलेली... ओली. केदार तडक वखारीत गेला. शेठने हात वर केले. "पन्नास घरांचं लाकूड येतं साहेब. कुठली फळी कुठली, काय सांगू?"

फळ्या जाळल्या. घर विकलं. आता ते डोंबिवलीत राहतात, विनीतच्या शेजारी. साध्या फरशीचं घर.

पण निहार आईच्या हातचं खात नाही.

खिमट, नाचणीचं सत्त्व, वरणभात, सगळं करून झालं. ओठ मिटलेले. एकदा थकून क्षिप्रा खिडकीशी तोंड करून रडत उभी राहिली आणि पाठीमागे...

कोणीतरी चावत होतं. सावकाश, मचमच आवाज करत.

ती गर्रकन वळली. कोणी नव्हतं. आवाज थांबला आणि निहार भुकेने किंचाळू लागला. तिने पुन्हा पाठ फिरवेपर्यंत तो थांबला नाही.

शेवटी पोराचा जीव महत्त्वाचा. आता ती भाताची वाटी त्याच्यासमोर ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते. कानांत बोटं घालते.

निहारचं वजन छान वाढतंय. डॉक्टर खूश आहेत. सोसायटीतल्या बायका त्याचे गाल ओढतात. "काय गुटगुटीत झालाय गं! काय भरवतेस?"

क्षिप्रा नुसती हसते. स्वतःच्या लेकराची शिसारी येते, हे कुठली आई कोणाला सांगणार?

जेवण झालं की निहार दुडुदुडु धावत येतो, तिच्या गळ्यात पडतो आणि पापा घ्यायला तोंड उघडं करून पुढे येतो.

ती श्वास रोखते आणि गाल पुढे करते.