छत्तीस इंची फॉन्ट

सयाजीगंजातल्या त्या प्रिंटच्या दुकानात शलाका शिरली, तेव्हा तिला प्रेमात वगैरे अजिबात पडायचं नव्हतं. तिला फक्त बारा पानं कलरमध्ये काढून घ्यायची होती आणि वर्गातल्या मैत्रिणीपाशी फोनवर मनसोक्त रडायचं होतं.

"संयोगिता, मी मेले! मॅडमना शब्द देऊन बसलेय, नॉर्मन फॉन्टचं मॉडेल आणते म्हणून. आता दगडासारखा दिसणारा फॉन्ट मला बडोद्यात कोण बनवून देणार?"

आता हा फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटरमधला नव्हे हं. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या चर्चांमध्ये दगडाची मोठी कुंडं असतात, बाळाला बाप्तिस्मा देण्यासाठी पाणी भरून ठेवायची. त्यांनाही फॉन्टच म्हणतात. साडेआठशे-नऊशे वर्षांपूर्वीची, नॉर्मन राजांच्या काळातली कुंडं तर इतकी कोरीव, की बघत राहावं. शलाका युनिव्हर्सिटीत कलेचा इतिहास शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. सेमिनारच्या चिठ्ठ्या उचलल्या तेव्हा सगळ्यांना अजिंठा नाहीतर वेरूळ, आणि हिच्या नशिबी ही कुंडं!

"मी बनवून देईन," मागून आवाज आला.

ती वळली. उंच, सावळा मुलगा. बोटांना पांढरी धूळ लागलेली, आणि शर्टाच्या खिशात चक्क स्टीलची पट्टी!

"काय?"

"फॉन्ट. सॉरी हं, तुम्ही एवढ्या मोठ्यानं बोलत होतात, की ऐकलं नसतं तर पाप लागलं असतं."

"तुम्ही... फॉन्ट बनवता?"

"दुसरं काही बनवतच नाही. मकरपुऱ्याला काकांचं वर्कशॉप आहे. दगडाचा लुक, लाकडाचा, पितळेचा. म्हणाल तसा. नॉर्मन हे नाव काही ऐकलं नाहीये, पण तुम्ही फोटो द्या ना."

शलाका बघतच राहिली. मकरपुऱ्याला चर्चची कुंडं बनतात? पण मकरपुऱ्याला काय बनत नाही! व्हॉल्व्ह बनतात, बॉयलर बनतात, आणखी काय काय जगभर जातं. कुंडंही जात असतील इंग्लंडला.

"किती इंची पाहिजे?" त्यानं पट्टी काढत विचारलं.

"छत्तीस."

"बाप रे! लांबून दिसायला पाहिजे वाटतं?"

"सगळ्या वर्गाला."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. हे एवढं बारीक बघायची काय गरज होती, ते शलाकाला कळलं नाही. त्या दिवसापासून तिला बरंच काही कळेनासं झालं.

मुलाचं नाव धैर्यशील. राहायला तरसालीला. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, आणि त्यांची तलवार म्हणे घरात दसऱ्याला पुजायची अन् बाकी वर्षभर कपाटावरचे डबे ओढून घ्यायला वापरायची. "आईचा हात नाही पोहोचत ना," तो म्हणाला. शलाकाचं घर दांडिया बाजारातलं, शिक्षक-प्राध्यापकांचं. तिथं डबे ओढायला स्टूल होतं. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

ती लायब्ररीतल्या पुस्तकातले फोटो काढून पाठवायची. पुस्तकात सगळे जवळून घेतलेले, नुसत्या नक्षीचे. एका खेड्यातल्या फॉन्टवर दोन योद्धे वेलींच्या गुंत्यात अडकून लढताहेत. कुणाचा हात कुठं संपतो आणि वेल कुठं सुरू होते, काही पत्ता लागत नाही. शेजारी एक सिंह. आणखी एकावर वर्षाचे बारा महिने कोरलेले, प्रत्येक महिन्यात शेतातलं एकेक काम.

"फेब्रुवारीतला बघ ना," ती फोनवर म्हणाली. "सगळे राबताहेत आणि हा पठ्ठ्या नुसता बसून पाय शेकतोय."

"बरोबर आहे त्याचं. आपला पण फेब्रुवारीच चाललाय. उद्या येतेस? स्टेशनसमोर चहा पिऊ, कामाचं बोलू."

कामाचं बोलू! या शब्दावर तर सगळं चाललं होतं. ती वही घेऊन जायची, तो पट्टी घेऊन यायचा, आणि दोघं अगदी गंभीरपणे कामाचं बोलायची.

"जाड किती?" तो विचारायचा.

"भरपूर. नॉर्मन म्हटलं की जाडच. चार कोपऱ्यांना खांब. आणि आतून पोकळ हवा हं."

"पोकळच करतो आम्ही. आत लाइट टाकू?"

"लाइट?" शलाका गोंधळली. नऊशे वर्षांपूर्वी लाइट? पण तो इतक्या आशेनं बघत होता, की... "टाक. भारी दिसेल. पण पाणी! पाण्याचं काय? गळायला नको."

"वॉटरप्रूफ करतो ना. पाच पावसाळे काढेल, एक टिपका रंग जायचा नाही."

"आणि त्यावर लिहायचं काहीच नाही. नुसता फॉन्ट."

तो थांबला. चहाच्या कपाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाला, "म्हणजे काय ते मी ठरवू?"

"तू ठरव. तू कारागीर."

"ठरवलं," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, कानापर्यंत लाल झाला.

मग शेवटच्या भेटीत, कप कधीचे रिकामे झालेले असताना तो एकदम म्हणाला, "आधी वाटलं होतं, काय एवढं असणार! पण आता डोळे मिटले तरी तेच समोर. डोक्यातून जातच नाही."

"काय?" शलाका पुढं झुकली.

"हे... हेच सगळं." त्यानं हात असा काही हलवला, की त्यात टेबलावरची तिची वही आली, फोटो आले, आणि तीही आली.

घरी जाऊन तिनं संयोगिताला फोन लावला. "'जातच नाही' म्हणाला गं! काय जात नाही? सिंह जात नाही, वेल जात नाही, का मी जात नाही?"

"मराठीची कमाल आहे," संयोगिता म्हणाली. "हिंदीत 'जाता नहीं' की 'जाती नहीं' बोलला असता, तर निदान बाई की बुवा ते तरी कळलं असतं. विचार ना त्याला."

"आणि सिंह निघाला तर?"

खरी भीती वेगळीच होती. सोमवारी सेमिनार. सेमिनार झाला की फॉन्ट झाला, आणि फॉन्ट झाला की कामाचं बोलणं संपलं. मग तो तरसालीला, ती दांडिया बाजारात. काम नसताना तो येईल का? या एका प्रश्नानं शलाकाला रात्रभर कूस बदलायला लावली. नॉर्मन लोक बिचारे बाजूलाच राहिले.

सोमवारी सकाळी तो युनिव्हर्सिटीच्या दारात टेम्पोतून उतरला. काखेत जुन्या गादीच्या कापडात गुंडाळलेलं भलं मोठं काहीतरी. चपटं.

"चपटं का आहे?" शलाकानं विचारलं.

"चपटं? पाच इंच जाड आहे! एवढं जाड तर बँकेच्या पाटीलापण नाही बनवलं कधी." त्यानं गाठ सोडली, कापड ओढलं.

ते अक्षर होतं. छत्तीस इंच उंच, दगडी रंगाचं, देवनागरी 'श'. काना म्हणजे खांब. गाठीत वेलींचा गुंता आणि त्यात अडकलेला एक योद्धा. खालच्या शेपटीवर सिंह. धैर्यशीलनं वायर लावली, आणि आतून पिवळा उजेड सांडला.

शलाका बघत राहिली. मग तिनं मागं बघितलं, टेम्पोत बघितलं.

"फॉन्ट कुठाय?"

"हा काय!"

"हे अक्षर आहे!"

"मग फॉन्टमध्ये काय असतं?"

"पाणी!" शलाका ओरडली. "पाणी असतं! कुंड असतं ते, दगडाचं! चर्चमधलं! बाळांना... अरे देवा!"

धैर्यशीलचा चेहरा आधी कोरा झाला, मग एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात उतरत गेलेली दिसली. पोकळ. खांब. गळायला नको.

"म्हणून पाणी," तो हळूच म्हणाला. "मी म्हटलं, ही पावसाची एवढी का काळजी करतेय..."

एरवी तिला हसू फुटलं असतं. पण दहा मिनिटांत सेमिनार होता, आणि मॅडमना शब्द दिलेला होता. "हे मला नकोय," ती म्हणाली. "याचं मी काय करू? काही उपयोग नाही याचा मला."

त्यानं वायर नीट गुंडाळून ठेवली, कापडाची घडी घातली, आणि टेम्पोत बसून निघून गेला. अक्षर मात्र तिथंच राहिलं, भिंतीला टेकून.

सेमिनार? सेमिनार झाला, आणि झकास झाला! वेळ आली की शलाकाच्या अंगात काहीतरी संचारतं. ती ते 'श' घेऊन वर्गात गेली, म्हणाली, "मॅडम, बडोद्यात फॉन्ट मागितला की हे मिळतं," आणि वर्ग हसून लोळला. मग तिनं दिवा लावला आणि बोट ठेवून दाखवलं. नॉर्मन कारागीर वेल अशी वळवायचे, सिंहाची आयाळ अशी पाडायचे. हात फिरवताना तिला जाणवलं, एकही रेघ चुकलेली नव्हती. पुस्तकात धूसर दिसणारी गाठसुद्धा त्यानं सोडवून, समजून, परत बांधली होती. मंदाकिनी मॅडम जवळ येऊन वाकून बघत राहिल्या. "कुंड नाही आणलंस ते नाही आणलंस," त्या म्हणाल्या. "पण ज्यानं हे केलंय, त्याला डोळे आहेत."

वर्ग सुटल्यावर संयोगितानं अक्षराभोवती एक फेरी मारली. "शलाका, मला एक सांग. वर्णमाला कुठून सुरू होते?"

"अ पासून. का?"

"मग नमुन्याला अक्षर करायचं, तर माणूस 'अ' करेल ना? हा थेट 'श'वर कसा गेला?"

शलाकानं 'श'कडे बघितलं. मग मटकन बाकावरच बसली. म्हणजे काय ते मी ठरवू? ठरवलं. लाल कान...

"मी त्याला म्हणाले, उपयोग नाही," ती पुटपुटली.

चार दिवस गेले. त्याचा मेसेज नाही. ही लिहायची, 'सेमिनार मस्त झाला', आणि पुसायची. 'एक काम होतं', पुसायची. काम कुठं होतं? कामच तर संपलं होतं. शुक्रवारी तिनं वही घेतली नाही, फोटो घेतले नाहीत, रिक्षा केली आणि थेट मकरपुरा गाठलं.

वर्कशॉपच्या दारात एक भरघोस मिशांचे गृहस्थ नावाची पाटी पुसत उभे होते. उदयसिंहराव, धैर्यशीलचे काका.

"आवो बेटा! पाटी बनवायचीय?"

"नाही काका."

"दुरुस्ती?"

"नाही."

"मग काय काम होतं?"

"काम..." शलाकानं खोल श्वास घेतला. "काही काम नाही."

काकांनी मिशीत हसून आत हाक मारली, "ए धैर्या! काम नसलेल्या बाई आल्यायत! दहा दिवस उशिरापर्यंत थांबून जे अक्षर कोरत होतास, त्याच्या मालकीणबाईच दिसतायत. अन् चहाचं मी बघतो." चहाचं बघायला ते जे गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

धैर्यशील आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ. दारातच थांबला.

"तू? अक्षर परत द्यायला आलीस?"

"नाही. ते माझं आहे."

"मग?"

वाटेत तिनं छान छान वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. तोंडातून निघालं ते आजीच्या बोलण्यातलं, "मला गमत नाही."

त्याचा चेहरा पडला. "कळलं मला. त्या दिवशीच कळलं. तुला नाही गमलं, तर मी दुसरं..."

"अरे..." शलाका थबकली. हा ते गुजरातीत ऐकत होता! घरातल्या मराठीत 'गमत नाही' म्हणजे करमत नाही. दाराबाहेरच्या गुजरातीत 'गमतुं नथी' म्हणजे आवडत नाही. बडोद्याच्या माणसानं कुठल्या कानानं ऐकायचं, हा जन्माचाच घोळ. पण आता आणखी एक घोळ तिला परवडणार नव्हता.

"मराठी ऐक, वेड्या! चार दिवस करमत नाहीये मला. चहा गोड लागत नाही. फोन वाजला की पडत-झडत धावते. तू नाहीस म्हणून गमत नाही... असं!"

तो बघत राहिला. डावा डोळा हळूहळू मिटायला लागला.

"आणि गुजरातीत?" त्यानं विचारलं.

"नावात एवढं धैर्य आहे, तर तू सांग की गुजरातीत!"

धैर्यशीलनं हात पँटला पुसले. धूळ काही गेली नाही. तसाच दोन पावलं पुढं आला, आणि मशीनच्या घरघरीत फक्त तिलाच ऐकू जाईल, एवढ्या आवाजात म्हणाला,

"तू मने बहु गमे छे, शलाका."

यात मात्र समजायला काहीच अवघड नव्हतं.