मागे बसणारा माणूस

उपकेंद्र दोन किलोमीटरवर राहिलं असताना लुंबिनीचे बाबा मोटारसायकलवरून उतरले, ते उतरलेच.

"मी चालत येतो," आनंदराज म्हणाले.

"बाबा, असं चालत नाही. शिकणाऱ्याच्या मागे लायसनवाला माणूस बसायलाच पाहिजे. नियम आहे तो."

"नियमाला म्हण, माझं बीपी बघ. एकशे साठच्या खाली नसेल."

"बसा, मोजते," म्हणत लुंबिनीने खरंच बॅगेतून मशीन काढलं. समुदाय आरोग्य अधिकारी होती ती. बिलोली तालुक्यातल्या त्या उपकेंद्रात येऊन तिला वर्ष झालं होतं. आनंदराज निवृत्त कारकून. आयुष्यभर फायली सांभाळल्या, पण पोरीचं क्लच सोडणं काही त्यांना सांभाळवेना. गाडी त्यांचीच, शंभर सीसीची, नांदेडहून खास पोरीसाठी आणलेली. आज तिने ती दोनदा बंद पाडली होती, एकदा नाल्यात घातली होती आणि एकदा चक्क एका म्हशीला टेकवली होती. म्हैस हलली नाही, म्हणून निभावलं.

तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली आणि थांबली. कॅरिअरला थर्माकोलचा डबा बांधलेला, शर्टाच्या बाह्या वर, गालावर चिखलाचा एक शिंतोडा.

"काय झालं काका? गाडी बंद पडली का?"

"गाडी चालू आहे. मी बंद पडलोय," आनंदराज म्हणाले. मग त्यांनी त्या तरुणाला नीट न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"जय भीम काका. मी अश्वजित. जनावरांच्या दवाखान्यात हाय, पशुधन पर्यवेक्षक. लाळ्या-खुरकूतची लस द्यायला चाललो."

"गाडी येते तुम्हाला?"

"हाव की! सातवीत होतो तवापासून चालवून राहिलो."

"मग एक उपकार करा. हिच्या मागे बसा. तुमची गाडी मी आणतो."

लुंबिनीला काही बोलायची संधीच मिळाली नाही. बाबा परक्या माणसाच्या गाडीला किक मारून निघूनसुद्धा गेले, आणि तो परका माणूस थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन तिच्या मागे बसला. आणि बसल्या क्षणापासून बोलायला लागला.

"क्लच हळू सोडा… हळू… मॅडम, पुढं खड्डा… बगळा हाय उजव्या अंगाला…"

"बगळ्यासाठी ब्रेक मारू का?"

"न्हाई, दिसला म्हणून सांगितलं."

लुंबिनीने दातओठ खाल्ले. दोन किलोमीटरमध्ये या माणसाने तिला दोन खड्डे, एक बगळा, तीन शेळ्या आणि आपल्या मावशीचं शेत दाखवलं. पण खरं सांगायचं तर गाडी एकदाही बंद पडली नाही.

संध्याकाळी परत निघताना आनंदराजांनी अट घातली. दुपारी दोननंतर त्या गावाला बस नाही, पोरगी रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीला हात दाखवून उभी राहते, हे त्यांना पटत नव्हतं. नांदेडला बदलीचा अर्ज त्यांनी लिहूनच आणला होता; फक्त तिची सही राहिली होती.

"कच्चं लायसन सहा महिने चालतं," ते म्हणाले. "तेवढ्यात पक्कं झालं, तर राहा इथं. मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झालं, तर मुकाट्यानं सही करायची."

"कबूल," लुंबिनी म्हणाली. तिला जायचं नव्हतं. पाच गावं होती तिच्याकडे. पहिले तीन महिने गावातल्या पार्वतीबाईंनी साखरेच्या आजाराच्या गोळ्या उंबरठ्याबाहेर फेकल्या होत्या, आता त्याच पार्वतीबाई शेजारणींना दमात घेत होत्या, "मॅडमनं सांगितलं की गप खायचं."

तर शिकवणी सुरू झाली. आनंदराज नांदेडला परतले आणि मागच्या सीटचा कारभार अश्वजितकडे आला. पाच वाजता तो जनावरं आटोपून यायचा, ती माणसं आटोपून यायची, आणि बिलोलीच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानावर दोघं भेटायची. पहिल्याच आठवड्यात त्याने फक्कीने जमिनीवर मोठा इंग्रजी आठ काढला. परीक्षेत असा आठ काढावा लागतो, पाय न टेकवता. पाय टेकला की नापास.

लुंबिनीचा डावा पाय दुसऱ्या वळणावर टेकायचाच. दर वेळी, त्याच जागी.

"पाय!" मागून आवाज यायचा.

"तुम्ही ओरडता म्हणून टेकतो तो!"

"मी न्हाई ओरडलो तर तुम्ही पडताल."

"एकदा पडू द्या मला. पण गप्प बसा!"

"बसलो," अश्वजित म्हणायचा, आणि पाच सेकंदांनी, "आरसा बघितला का?"

थंडी पडल्यावर तो हरभऱ्याचा डहाळा घेऊन यायला लागला. ती जीव मुठीत धरून आठ काढत असायची आणि हा मागे बसून घाटे सोलत असायचा. टरफलं तिच्या ओढणीवर. मधूनच खांद्यावरून एक हात पुढे यायचा, तळहातावर चार हिरवेगार दाणे.

"खा मॅडम. गोड हायती."

"माझे दोन्ही हात हँडलवर आहेत!"

"मग… आ करा."

लुंबिनीने गाडी थांबवली, मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तो लाजेने कानापर्यंत लाल झाला होता. तिने तळहातावरचे दाणे उचलले, तोंडात टाकले आणि गाडी सुरू केली. त्या फेरीत तिने आठाच्या बाहेर जाऊन एका दगडी ओट्याला प्रदक्षिणा घातली.

सगळ्यात संताप कशाचा यायचा? या माणसाचा तिला वैताग होता, आणि एखाद्या संध्याकाळी कुणाची गाय अडली म्हणून तो आला नाही, तर त्याहून मोठा वैताग यायचा. मैदान ओसाड वाटायचं. नियम म्हणून गाडी उभीच राहायची आणि ती शांतता तिला अजिबात आवडायची नाही. आपण या बडबड्या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिला डिसेंबरात कळलं आणि ती स्वतःवरच दोन दिवस चिडून होती.

त्याच डिसेंबरात ती पहिल्यांदा परीक्षेला गेली आणि नापास झाली. मैदानाच्या कडेला उभा राहून अश्वजित जिवाच्या आकांताने ओरडला होता, "पाय वर!" तिने दचकून पाय खाली टाकला होता. त्यानंतर ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी त्याने येऊन फक्त नवी फक्की टाकली, आठ अजून थोडा मोठा काढला आणि मान खाली घालून उभा राहिला. तिला हसू आवरेना.

"मॅडम, एक सांगायचं होतं…" त्या दिवशी तो म्हणाला.

लुंबिनी वळली. "सांगा ना."

"न्हाई… ऱ्हाऊ द्या. परीक्षेनंतर बघू."

असं तीनदा झालं. तीनदा तो थांबला, तीनदा तिने श्वास रोखला, आणि तीनदा त्याने गाडीच्या चेनला तेल घालायचा विषय काढला.

फेब्रुवारी उजाडला. कच्चं लायसन संपायला पाच दिवस उरले होते, आणि देगलूरला परिवहन कार्यालयाचं शिबिर लागलं. हे चुकलं की बदलीच्या अर्जावर सही. अश्वजित नवा कोरा शर्ट घालून लुंबिनीच्या मागे बसून आला होता आणि आश्चर्य म्हणजे सगळ्या रस्त्यात दहाच वाक्यं बोलला होता.

या वेळचे इन्स्पेक्टर नवे होते, करड्या मिशांचे, कागद उलटसुलट करून बघणारे.

"गाडी चालवत आलात?"

"हो सर."

"शिकाऊ लायसनवर? एकट्या?"

"नाही सर!" लुंबिनी अभिमानाने म्हणाली. सहा महिने तिने हा नियम पाळला होता. "हे आलेत सोबत. नेहमी हेच मागे बसतात."

"दाखवा बरं तुमचं लायसन," इन्स्पेक्टर अश्वजितला म्हणाले.

अश्वजितने नव्या शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग त्याने लुंबिनीकडे बघितलं आणि तो हळूच म्हणाला, "मॅडम… तेच सांगायचं होतं."

लुंबिनीला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या कानशिलातून वाफा निघाल्या.

"दोन महिने… तुम्हाला… हे सांगायचं होतं?"

"हाव."

"लायसनवाला कुणी सोबत असेल तरच परीक्षा घेतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "दोन वाजता शिबिर बंद." आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

पाऊण वाजला होता. लुंबिनीने मैदानभर नजर फिरवली. साठ-सत्तर माणसं होती, आणि सगळीच लायसन काढायला आलेली. म्हणजे कुणाकडेच नव्हतं. शेजारच्या चार दुकानांत तिने विचारलं. सगळ्यांना गाडी येत होती. लायसन म्हटलं की सगळे हसत होते. अश्वजित तिच्या मागे-मागे धावत होता आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

फाटकाजवळ एक बाई मिरचीभजी तळत होती. लुंबिनी रडवेली होऊन तिथल्या बाकड्यावर बसली, तशी बाईने विचारलं, "काय झालं पोरी?"

लुंबिनीने सांगितलं.

"अय्यो, येवढंच ना? माझं हाय की!" त्या बाईने, कमलम्माने, कमरेचा बटवा सोडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. "स्कूटी हाय माझी. मालक वारल्यावर पयलं हेच काढलं. चल." मग तिने अश्वजितच्या हातात झारा दिला. "तू कढई बघ. जळाली तर पैसे घेते मी."

इन्स्पेक्टरांनी कमलम्माच्या लायसनवरची तारीख तपासली, कमलम्माला तपासलं आणि मान हलवली.

लुंबिनीने गाडी सुरू केली. डोकं संतापाने भणभणत होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं आलं. त्या वळणावर ती मनातल्या मनात अश्वजितला असं काही सुनावत होती की पाय टेकवायला तिला सवडच झाली नाही. मागून आवाज आला नाही. कडेने आवाज आला नाही. आठ पुरा झाला. तिने पुन्हा काढला, तोही झाला.

"पास," इन्स्पेक्टर म्हणाले आणि शिक्का उचलला.

कढईपाशी निळा धूर झाला होता. अश्वजित घामाघूम होऊन काळ्या मिरच्या उलटत होता. "झाल्या पास?" त्याने विचारलं, आणि तिचा चेहरा बघून तो इतका मनापासून हसला की लुंबिनीला आणखीच राग आला.

"हसू नका! सहा महिने मी तुमच्या भरवशावर रस्त्यावर गाडी चालवली. कुणाला लागलं असतं तर? माझी नोकरी गेली असती. माझं सोडा, एखाद्याचा जीव गेला असता!"

"खरं हाय," तो म्हणाला. हसू गेलं होतं. "तुमच्या बाबांनी विचारलं, गाडी येते का. येते म्हणलो. नंतर कळलं की तुम्ही नियमाच्या किती पक्क्या. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मागं बसू दिलं असतं का?"

"नाही!"

"म्हणून न्हाई सांगितलं. लई चुकलं माझं." त्याने झारा खाली ठेवला. "तीनदा दिली हो कच्च्या लायसनची परीक्षा, मोबाईलवर. तीनदा नापास. ते खुणांचे चित्रं लई फसवतेत."

"तीनदा? आणि मला विचारलं नाही? मला ते सगळं पाठ आहे!"

"कोणत्या तोंडानं विचारू? मी तुमचा मास्तर." तो थांबला. कमलम्मा मिरच्या मोजायच्या निमित्ताने जवळ सरकली होती, पण आता त्याला थांबवणं शक्य नव्हतं. "दुसरं पण एक सांगायचं हाय. मला तुम्ही आवडता. पयल्या दिवशी बगळा दाखवला ना, तवापासून. म्हणलं, आधी लायसन काढावं, मग बोलावं… पण ते काय निघंना."

लुंबिनी त्याच्याकडे बघत राहिली. नव्या शर्टावर तेलाचे डाग, कपाळावर काजळी. एवढी अवघड परीक्षा पास झाल्यावर माणसाला असं रडू येतं का, हे तिला माहीत नव्हतं.

फोन वाजला. बाबा.

"झालं का?"

"झाले पास."

"म्हणजे राहतेस तिथं."

"राहते, बाबा. अर्ज फाडून टाका."

"फाडतो. शब्द दिलाय. पण पाच गावांसाठी एवढा जीव टाकणारी तूच बघितली."

"पाच गावांसाठी आहेच," लुंबिनी म्हणाली. तिने अश्वजितवरची नजर हलवली नाही. "आणि… एका माणसासाठीपण, बाबा. मला तो हवाय. तुम्ही ओळखता त्याला. तुम्हीच माझ्या मागे बसवलं होतं."

अश्वजित कढईला धडकला. कमलम्माने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

पलीकडून आनंदराजांचं समाधानी हसणं ऐकू आलं. "मला वाटलंच होतं. चांगला मुलगा आहे गं. आणि मुख्य म्हणजे लायसनवाला. तू काही बिनलायसनचा पसंत केला नसता, खात्री आहे मला."

लुंबिनीने डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला.

"बाबा, रविवारी त्याला घेऊन नांदेडला येते. मग सविस्तर बोलू."

"या की. गाडी कोण चालवणार, तोच ना?"

"नाही, मी," लुंबिनी म्हणाली. "सध्या तरी मीच."