कॅमेऱ्याला पिंटूशेठच दिसतो

"हा मी नाही!"

बुंबूकाका इतक्या जोरात ओरडले की कुरणवाडीच्या यानतळावरच्या कॅन्टीनमध्ये रश्श्यावरची तर्री थरथरली आणि मागे रांगेत उभे असलेले अकरा परग्रहवासी दोन-दोन पावलं मागे सरले. त्यांच्या हातात नुकताच छापलेला फोटो होता. फोटोत पुढे नुसतं जांभळं धुकं. आणि धुक्यामागे पिंटूशेठ! मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

बुंबूकाका म्हणजे तेल लावलेलं भरताचं वांगं, पण दाराएवढं उंच. त्यांचं खरं नाव उच्चारायला सव्वा तास लागतो आणि मध्ये दोनदा पाणी प्यावं लागतं, म्हणून सगळे त्यांना बुंबूकाकाच म्हणायचे. त्यांना डोळे नव्हते. ते सगळ्या कातडीनं बघायचे.

पिंटूशेठ म्हणजे गावचे युवा नेते. त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स यानतळाच्या भिंतीवर लावला होता. त्यावर मधोमध पिंटूशेठ आणि भोवती त्रेपन्न शुभेच्छुक. प्रवासाच्या परवान्याचे फोटो नेमके त्याच भिंतीसमोरच्या पांढऱ्या रेघेवर उभं राहून काढायचे, असा नियम होता.

"शेडगेसाहेब, तो फ्लेक्स काढा ना!" इरू परवान्याच्या खिडकीशी जाऊन तिथल्या कारकुनाला म्हणाली. इरू दहा वर्षांची. तिच्या हेमाआत्याचं तळावर फोटोचं दुकान होतं. पण आत्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, चौकडीच्या रुमालानं गळ्यात बांधलेला. त्यामुळे आज कॅमेरा इरूच्या हातात होता.

"फ्लेक्सला हात लावायला वरून पत्र लागतं," शेडगे म्हणाले. "आणि हा फोटो चालायचा नाही. प्रवासी अस्पष्ट, भिंत स्पष्ट. तिसऱ्यांदा सांगतोय."

"चार वाजता माझं यान सुटतं!" बुंबूकाका कडाडले. "पुढचं अकरा वर्षांनी! माझ्या नातीचं बारसं आहे आणि तिच्या कानात नाव मीच सांगायचंय. आजोबानं सांगितल्याशिवाय आमच्याकडे पोराला नावच मिळत नाही. अकरा वर्षं तिला काय 'ए' म्हणून हाक मारायची?"

साडेतीन वाजले होते. इरूनं कॅमेरा आत्यासमोर आपटला. म्हणजे आपटणारच होती, पण आत्यानं डोळे वटारले म्हणून हळू ठेवला.

"मूर्ख आहे हा! समोर एवढे मोठे काका उभे आहेत आणि हा मागच्या भिंतीकडे बघतो!"

"तो काय बघतो ते आधी बघ, मग शिव्या दे," आत्या म्हणाली. "पडद्यावर चौकट कुठेय?"

पडद्यावर एक छोटी पिवळी चौकट पिंटूशेठच्या उजव्या डोळ्यावर बसली होती. इरूनं कॅमेरा हलवला तर ती टुणकन उडी मारून एका गॉगलवाल्या शुभेच्छुकावर गेली.

"याच्यात चेहरा-ओळख (चित्रात चेहरा आणि डोळे शोधून तिथेच फोकस करायची सोय) चालू आहे," आत्या म्हणाली. "फोकस म्हणजे किती लांबची वस्तू रेखीव दिसावी ते जुळवणं. माणसांसाठी ही सोय झकास. पण याला शिकवताना लाखो फोटो दाखवले ते माणसांचे, कुत्र्यांचे, पक्ष्यांचे. डोळे नसलेला प्राणी कुणी दाखवलाच नाही."

"म्हणजे याच्या हिशेबी मी दारावरचा पडदा!" बुंबूकाकांचा रंग जांभळ्याचा काळा झाला.

"शिकवणाऱ्यांना शरम वाटायला पाहिजे," इरू पुटपुटली. तिनं चेहरा-ओळख बंद केली. मग 'एक बिंदू' हा पर्याय निवडला आणि बोटानं ती चौकट थेट बुंबूकाकांच्या पोटावर आणून ठेवली. बटण अर्धं दाबलं. भिंगातली मोटर घर्रर्र पुढे, घर्रर्र मागे. चौकट लाल झाली, म्हणजे फोकस लागला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल.

"आता काय झालं याला?"

"एक बोट नाकासमोर धर. आधी एक डोळा मीट, मग दुसरा."

इरूनं तसं केलं. बोट इकडून तिकडे सरकल्यासारखं झालं.

"कॅमेराही तसंच करतो. भिंगाच्या डाव्या बाजूनं आलेलं चित्र आणि उजव्या बाजूनं आलेलं चित्र, दोन्ही जुळतात का ते बघतो. जुळली नाहीत तर किती सरकलीत त्यावरून भिंग पुढे न्यायचं की मागे आणि किती, हे ठरवतो. पूर्वीच्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा असायचा आणि जुळवणारं यंत्र वेगळं. यात आरसाच नाही. चित्र टिपणाऱ्या पट्टीवरच हे जुळवायचे ठिपके बसवलेत."

"मग काकांचं का जुळत नाही?"

"चौकडीच्या कापडाचा खिसा शिवताना शिंपी काय जुळवतो?"

"रेघेला रेघ."

"आणि कापड साधं असेल तर?"

इरूनं बुंबूकाकांकडे पाहिलं. गुळगुळीत, चकचकीत, ना रेघ ना सुरकुती. "जुळवायला काहीच नाही!" ती ओरडली आणि आत्याच्या गळ्यातला रुमाल सोडायला लागली.

"अगं ए, हात आहे माझा त्यात!"

"दोन मिनिटं टेबलावर ठेव गं! शेडगेसाहेब, अंगावर कपडा चालतो ना?"

शेडग्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "चालतो," ते नाइलाजानं म्हणाले.

रुमाल बुंबूकाकांच्या पोटावर बसला, चौकट रुमालावर बसली आणि बटण अर्धं दाबताच क्षणात हिरवी झाली. इरूनं बटण पूर्ण दाबलं.

फोटो पुन्हा धूसर!

चारला बारा मिनिटं होती. आता खुद्द आत्याही चिडली. पण इरू कॅमेऱ्यावर चिडली नाही. ती बुंबूकाकांकडे बघत राहिली. संतापानं ते डुलत होते. हातभर पुढे, हातभर मागे.

"काका, जरा स्थिर उभे राहा."

"तीन वेळा अपमान झालाय माझा! डुलणार नाही तर काय करणार?"

"बरं, डुला," इरू म्हणाली. "आत्या, मी फोकस केला तेव्हा काका पुढे होते. बटण पूर्ण दाबेपर्यंत मागे गेले. हा एकदाच जुळवतो आणि गप्प बसतो, हो ना?"

"तो 'एकदाच' वर आहे. त्याला 'सतत' वर टाक. बटण अर्धं दाबून ठेवशील तोवर पाठलाग करत राहील."

इरूनं बटण धरून ठेवलं. काका पुढे आले, भिंग त्यांच्याबरोबर. काका मागे गेले, भिंगही मागे. खट्!

फोटोत एक रागावलेलं, चमकदार, अतिशय देखणं जांभळं वांगं होतं. रुमालाचा धागा न् धागा दिसत होता. मागे पिंटूशेठ आणि त्रेपन्न शुभेच्छुक धुक्यात विरघळले होते.

शेडग्यांनी भिंग लावून फोटो पाहिला, उलटा करून पाहिला आणि ठप्प शिक्का मारला.

"हा मी!" बुंबूकाका म्हणाले. एवढंच. मग ते असे पळाले की धुळीचा लोट पार वेशीपर्यंत गेला आणि यानाचं दार त्यांच्या पाठीमागे मिटलं. आकाशात जांभळी रेघ उमटली. आत्या कोपर टेबलावर टेकवून ती बघत बसली.

इरूनं कॅमेरा खाली ठेवला नाही. त्याची फिरवायची चकती ती बोटानं चाचपत होती. "आत्या, याला नवीन चेहरे शिकवता येतील?"

"भरपूर फोटो लागतील. आणि प्रत्येकावर कुणीतरी नीट सांगायला हवं, चेहरा कुठला, डोळा कुठला."

रांगेतला पुढचा प्रवासी रेघेवर येऊन उभा राहिला. त्याला सात डोळे होते. दोन पोटावर, चार कोपरांवर आणि एक शेपटीच्या टोकाला. फोटो नाकारला जायच्या सवयीनं त्यानं मान आधीच खाली घातली होती.

इरूनं चौकट हातात घ्यावी तसं पडद्यावर बोट टेकवलं.

"यातला कुठला डोळा स्पष्ट यायला हवा?" तिनं विचारलं. "तुम्हीच सांगा."