नकाशातली कोरडी जमीन

नकाशात इथे कोरडी जमीन होती, आणि दिपिका तिच्यात कमरेपर्यंत रुतली होती!

 एका कंपनीची इंजिनिअर म्हणून ती पनवेल खाडीलगतच्या या गावात आज पहिल्यांदाच आली होती. जुनं तळं बुजवून तिथं गोदाम होणार होतं. भरावाच्या खुणा करायच्या, एवढंच काम. अंगावर श्रावणाची सर, गवताखाली चिखल... आणि बांधावर उभा राहून गालातल्या गालात हसणारा एक सावळा तरुण.

"मॅडम, नकाशावर उभ्या ऱ्हावा. तिथं बुडनार नाय."

"हसताय काय? हात द्या ना!"

त्यानं हात दिला. चिखल सुटला, हात सुटायला जरा वेळच लागला—

त्याचं नाव प्रितम. जासईच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा आणि सुट्टीला गावाची उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते पाडायचं, म्हणजे खाडी आत येत नाही. तोवर पावसाचं पाणी तळ्यात थांबतं. ओहोटीला दार उचललं की ते खाडीत निघून जातं.

"आन तळंच नसलं, तर?" त्यानं विचारलं.

दिपिकानं वळून पाहिलं. पहिल्याच घराचा उंबरा तळ्याच्या काठापेक्षा खाली होता. तळं बुजलं, तर ते पाणी थेट घरांत शिरणार होतं.

मग दर रविवारी ती येऊ लागली, स्वतःहून. तळं राखणारा नवा नकाशा आकार घेऊ लागला : तळं आणखी खोल, काठानं माती धरून ठेवणाऱ्या वाळ्याची बेटं, खाडीकडची तिवरं जशीच्या तशी. फूटपट्टीचं दुसरं टोक प्रितम धरायचा.

"ही रेघ वाकडी का?"

"तुम्ही इतके जवळ उभे राहता म्हणून."

"मंग लांब होऊ?"

"...नको."

नकाशा पुरा झाला त्या रविवारी तिनं विचारलं, "जागा कुणाच्या नावावर आहे? त्यांना भेटायला हवं."

"माज्या."

दिपिकानं फूटपट्टी खाली ठेवली. "म्हणजे... भरावाला संमती—"

"मीच दिली."

"सगळं माहीत असून?" 

"आमची आई, गुनाबाय, नायच बोलत व्हती. पन तुमच्या कंपनीचा रिपोर्ट आला, गावाला धोका नाय म्हनून. शिकलेल्या मानसानं लिवलंय, मला वाटलं खरंच असंल." त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतला कागद पुढे केला.

खाली सही होती. दिपिकाची!

तिनं तारीख पाहिली. मार्चमधली ती दुपार... वरिष्ठ कृष्णकांत साहेबांनी पुढे सरकवलेली कागदांची चळत, आणि घाईघाईत, न वाचता केलेल्या सह्या.

"तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"पैल्या दिसापास्नं. गळ्यातल्या कार्डावर नाव वाचलं ना."

"मग बुडू का नाही दिलंत मला?"

"दिलं की! कमरेपर्यंत."

ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. प्रितम गोंधळला. "रडू नका हो... लय राग व्हता. मंग तुमी यायला लागलात, आन तो कुटं गेला... समजलाच नाय."

सोमवारी दिपिकानं रिपोर्ट चुकीचा असल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय, सर."

नोकरी गेली. त्याच पत्राची प्रत आणि प्रितमचा संमती मागे घेण्याचा अर्ज, दोन्ही कागद तिनं स्वतः सरकारी कार्यालयात दिले. पंधरा दिवसांनी भरावाला स्थगिती मिळाली. आदेश हातात घेऊन दोघं पायऱ्या उतरत होते. प्रितम मध्येच थांबला.

"दिपिका..."

मॅडम नाही! 

"तुज्या घरी... मागनी घालायला... कदी येऊ?"

"आत्ता," ती म्हणाली. "आई घरीच आहे."

आपण हे बोललो, यावर तिचाच विश्वास बसेना. आणि प्रितम? पन्नास फुटांवरून कंटेनर उचलणारा तो गडी दोन पायऱ्यांवर मटकन खाली बसला होता.