उतारावर सोडलेली गाडी

मिठागराच्या वस्तीवर दोन लेकरांना घटसर्प झाला होता, आणि त्यांचं औषध बर्फाच्या पेटीत माझ्या गाडीत होतं. बर्फ सूर्यास्तापर्यंत टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सडकेनं दोन दिवस लागले असते, म्हणून मी दगडी पठाराची वाट धरली. सोबत डॉक्टरीणबाई आणि माझी लेक होती. गॅरेज तीच चालवते. मी चाळीस वर्षं फक्त गाडी हाकली, आणि या काळात एकदाही गाडी वाटेत टाकून आलो नाही, हे ओळख होताच पहिल्या पाच मिनिटांत सांगायची मला खोड आहे.

कोरड्या नदीपात्रात डावं पुढचं चाक एका धारदार धोंड्यावर आदळलं. खाडकन आवाज झाला. लेक उतरली, वाकून पाहिलं.

"बाबा, रिंगेला पोचा आलाय. स्टेपनी लावू."

"हवा आहे ना? मग चल."

"हवेचं नाही म्हणत मी."

मी ऐकलं नाही. चाळीस वर्षांची ऐट हो, दुसरं काय! पात्र संपलं, चढण लागली, आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. आधी हलकं, मग दात वाजतील इतकं. डॉक्टरीणबाईंनी पेटी छातीशी धरली. मैलभरानं गाडी आपोआप डावीकडे ओढू लागली. शॉकॲब्झॉर्बरमधून तेल गळत होतं. मी दामटत राहिलो.

पठाराच्या टोकाशी लेकीनं सरळ हँडब्रेकच ओढला. समोर थेट वस्तीपर्यंत चार किलोमीटरचा उतार होता, उजवीकडे कडा आणि डावीकडे नुसती दरी. तिनं चाकाच्या मध्यावर हाताचा मागचा भाग टेकवला. प्रत्येक थांब्यावर ती असंच करते, आणि मी दर वेळी हसतो. या वेळी तिनं हात झटकन मागे घेतला. तिथं पापड भाजला असता.

स्टेपनी लावायला दहा मिनिटं लागली. "झालं, बसा," मी म्हणालो.

"नाही झालं." गाडी जॅकवरच होती. तिनं नवं चाक वर-खाली धरून हलवलं. टक. टक. मग आडवं धरून हलवलं. पुन्हा टक.

"बाबा, चाक बदललं, पण जुन्यानं इतका वेळ जे धक्के दिले ते आत बसलेत. बेअरिंग गेलं. स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा ढिला झालाय. उतारावर सांधा सुटला, तर तुम्ही स्टिअरिंग फिरवाल आणि चाक वळणार नाही."

"हळू नेतो की."

"दरीला हळू-जोरात कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सूर्याकडे पाहिलं. दीड तास उरला होता. गाडी टाकायची म्हणजे माझं नाक कापलं जाणार होतं. पण त्या दोन लेकरांना माझ्या नाकाचं काय करायचंय? मी किल्ली काढली आणि चाकांना दगड लावले.

चाकाचे नट सोडवताना पान्याला जोड म्हणून लावतो तो लांब लोखंडी पाइप लेकीनं काढला. पेटी त्याला बांधली. पुढचं टोक तिच्या खांद्यावर, मागचं माझ्या. मग निघालो, डॉक्टरीणबाई मागोमाग! खडी पायाखालून निसटत होती. एका वळणावर माझा पाय घसरला. पेटी कलली! "बसा खाली!" लेक ओरडली, आणि स्वतः गुडघे टेकून तिनं सगळा भार एकटीनं पेलला. पेटी दगडाला शिवलीसुद्धा नाही. खांदा सोलला होता तिचा. "चला" एवढंच म्हणाली.

पोचलो तेव्हा बर्फाचा मुठीएवढा खडा उरला होता. पहाटे दोन्ही पोरांचा श्वास मोकळा झाला.

सकाळी हत्यारं मागून आम्ही वर गेलो. लेकीनं चाकाच्या मध्यावरचं झाकण उघडलं, आणि बेअरिंगचे तुकडे तिच्या ओंजळीत गळून पडले. स्टिअरिंगचा सांधा तर मी दोन बोटांनी ओढला, तेवढ्यानंच निघून आला. मी त्या उताराकडे पाहिलं आणि तिथंच खाली बसलो. ती तुकडे फडक्यात बांधू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

वस्तीवरच्या म्हातारबांनी मला विचारलं, "तुम्हीच का ते, गाडी कधी न सोडणारे?"

"मी सोडली," मी म्हणालो. "हिनं सांगितलं म्हणून सोडली. ही माझी लेक."

ओळख होताच पहिल्या पाच मिनिटांत आता हेच सांगतो.