नियम क्रमांक सात : सबब चालणार नाही

हे खरं आहे. पुरावा म्हणून आमच्या मंडळाचं हजेरी रजिस्टर माझ्या घरी आहे. त्याच्या पहिल्या पानावर चहाचा डाग आहे, तो उर्वशीचा. बाकीचे डाग कुणाचे, तेच सांगायला बसले आहे.

अशा गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

सोळा डिसेंबर २०२३. शनिवार. दुपारचे सव्वातीन. बल्लारपूर, विहाराशेजारचं समाजमंदिर. बाहेर लख्ख ऊन होतं आणि एक बकरी दारात उभी राहून कार्यक्रम बघत होती.

मी रिना. माजी सैनिक सन्मान महिला मंडळाची सचिव. सात जणींत टायपिंग मलाच येतं, म्हणून सचिव. निवडणूक वगैरे झाली नाही.

मंडळ काढलं बायनाबाई मावशीनं. तिचे मिस्टर खुशालकाका सतरा वर्षं फौजेत होते. पुढं बारा वर्षं एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसले. ते गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या भाषणात एका पुढाऱ्यानं त्यांना 'आपल्या वॉर्डाचे कर्तव्यदक्ष चौकीदार' म्हटलं.

मावशीनं आठ दिवसांत पाच जणींना गोळा केलं, मला धरून सातवी केलं आणि म्हणाली, "रिना, अर्ज लिही."

तिची अट एकच होती. सत्कार पलटणीसारखा व्हायला पाहिजे. आधी गिनती. नाव पुकारायचं, फौजीनं 'हाजिर' म्हणायचं, मग शाल-श्रीफळ. खुशालकाका घरीसुद्धा रोज सकाळी सहाला अशी गिनती घ्यायचे. लेकरं होती तोवर लेकरांची, मग कोंबड्यांची.

पहिला कार्यक्रम सव्वीस जानेवारीला. अकरा फौजी, अकरा शाली.

आले सहा.

उरलेल्या पाचांसाठी पुतणे आले, जावई आले, एकासाठी भाडेकरू आला. एक पुतण्या काकाच्या नावाला दणक्यात 'हाजिर' म्हणाला. ते काका नऊ वर्षांपूर्वीच वारले होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांची शाल महिन्याभरानं पानठेल्यावर पडदा म्हणून दिसली.

मी इतकी चिडले की त्याच संध्याकाळी नियमावलीत सातवा नियम टाईप केला.

'सत्कारमूर्तीने स्वतः हजर राहणे बंधनकारक आहे. सबब चालणार नाही.'

मावशीला शेवटचं वाक्य फार आवडलं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं. ठराव एकमतानं पास.

त्या वर्षी अर्ज आले बत्तीस. नियम सातमुळं बाद झाले तेवीस. कुणाला लकवा. कुणाला दिसत नाही. एटापल्लीकडचे दादाजी मडावी तर फोनवर म्हणाले, "पोरी, इकून बस निघते, पन पोचनच असं काई नाई."

मी लिहिलं, 'बाद.'

बाद झालेल्यांत एक होते माजरीचे जलालुद्दीन शेख. एकाहत्तरच्या लढाईत फौजेची गाडी चालवली, परत येऊन खाणीत डंपर चालवला. आता दोन वर्षांपासून खाटेवर. संडासला जायचं तर वॉकर धरून, तेही बायकोच्या आधारानं.

त्यांची बायको रहमतबी पॅसेंजरनं आली. सत्तरीची बाई, चपलेला कोळशाची धूळ.

"बेटा, तुम्ही घरी येऊन शाल टाका नं. यांले चालता येत नाई."

"नियम आहे, रहमतबी."

"बरं. शाल राहू द्या. नुसतं नाव पुकारा. मी घरी जाऊन सांगन का पुकारलं."

"हजर राहिले तर पुकारू."

ती गेली. पंधरा दिवसांनी परत आली. डॉक्टरचा कागद घेऊन. मी तिला नियमावलीची झेरॉक्स दिली. ती तिनं पदरात नीट घडी करून ठेवली, तिच्यात जसं काही औषध होतं.

तिसऱ्यांदा आली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. यावेळी कागद नव्हता.

"ते म्हनतात, लिहून घ्या. हाजिर राहीन."

"कसे येतील?"

"मी बी हेच इचारलं. तर म्हने, तुले काय करायचं आहे."

मी यादीत दहावं नाव टाकलं. दहावी खुर्ची वाढवली. बादची यादी बावीसवर आली. मनात म्हटलं, एक कटकट मिटली.

सोळा तारखेला साडेबाराला तिच्या जावयाचा, तौसीफचा फोन आला.

"ताई, अब्बा सकाळी अकराले गेले. असरच्या नमाजनंतर मिट्टी द्याची आहे. अम्मी म्हने, मंडळाले कळवा. खुर्ची काढून टाकतील."

मावशीनं ऐकलं. खाली बसली. मग म्हणाली, "नाव काट."

मी काटलं. दोन रेघा मारल्या. दहावी खुर्ची घडी करून भिंतीला लावली.

इथं चूक झाली ती माझीच. यादीच्या प्रिंट मी दोन काढल्या होत्या. काटली ती माझी. वाचायची होती ती नावं पुकारणाऱ्या उर्वशीच्या हातात.

दोन पन्नासला लाईट गेली. पंखे थांबले, माईक मेला. उर्वशी म्हणाली, "माझा गळा काय कमी आहे का," आणि तशीच सुरू झाली.

नऊ नावं झाली. नऊ वेळा 'हाजिर.' नऊ शाली.

मग तिनं पान उलटलं.

"नायक जलालुद्दीन शेख."

मी हातानं नको नको केलं. ती चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली.

आणि व्हरांड्यातून आवाज आला...

टक.

मग काहीतरी घसरल्यासारखं...

टक.

घसर...

दारातली बकरी वळली आणि बाजूला झाली. एखाद्याला वाट द्यावी तशी.

आवाज आत आला. मधल्या वाटेनं पुढं आला. दिसत काहीच नव्हतं. दिसत होती फक्त फरशी. सकाळी मीच पुसलेली, पांढरी.

तिच्यावर चार काळे गोल ठसे उमटले. रुपयाच्या नाण्याएवढे. मग पुढं आणखी चार. कोळशाचे.

पायांचे ठसे नव्हते.

भिंतीला लावलेली खुर्ची... उघडली.

आणि स्पीकरमधून, लाईट नसताना, म्हाताऱ्या माणसाचा दम लागलेला आवाज आला.

"हाजिर."

आता तुम्ही म्हणाल, सगळे पळाले असतील. कुणी पळालं नाही. पहिल्या रांगेतल्या नऊ फौजींची सरासरी काढली तर वय पंचाहत्तर येईल. आणि आम्ही सात बायका... आम्ही मीटिंग सुरू केली. स्टेजवरच, दबक्या आवाजात.

उर्वशी म्हणाली, "मावशी, द्याची का शाल?"

"नियम काय म्हनते?"

"स्वतः हजर राहणे बंधनकारक," मी म्हटलं. माझे दात वाजत होते, पण नियम पाठ होता.

"मंग आहे का हजर?"

"आवाज आहे."

"आवाज म्हंजे हजेरी होते का?"

"अन् उद्या सारेच असे याले लागले तं?" उर्वशी म्हणाली.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. नियम माझा होता.

मी काय करायला पाहिजे होतं, ते आता मला रोज सुचतं. तेव्हा एवढंच डोक्यात होतं की हे संपावं. वर्षभर लोकांच्या सबबी ऐकून कंटाळले होते, त्यात ही असली हजेरी.

मी उर्वशीच्या हातातली यादी घेतली आणि म्हटलं, "पुढचं नाव."

पुढचं नाव नव्हतंच. दहावं शेवटचं होतं.

खुर्ची बराच वेळ तशीच राहिली. मग... टक. घसर. टक. व्हरांड्यापर्यंत. लाईट आली. स्पीकर खरखरला आणि गप्प झाला. बकरी परत दारात येऊन उभी राहिली.

दहावी शाल मी पिशवीत ठेवली.

आमची मासिक सभा पहिल्या रविवारी असते. सकाळी अकराला. जानेवारीच्या सभेत सात जणींनी सह्या केल्या. चहा आला. मी रजिस्टर बंद करायला गेले तर...

आठवी सही. उर्दूत. शेजारी काळा अंगठा.

फरशीवर चार ठसे.

फेब्रुवारीत पुन्हा. मार्चमध्ये उर्वशीनं चहाचा एक कप जास्त ओतला, म्हणाली, "आलेच आहेत तं घेऊ दे." कप तसाच राहिला. पुढच्या महिन्यात मी बिनसाखरेचा ठेवला. डॉक्टरच्या कागदावर शुगर लिहिलेली मला आठवली होती.

तो कप रिकामा झाला.

सांगते, भीती एका मर्यादेपर्यंतच राहते. त्यानंतर वैताग येतो. मंडळाच्या तीन जणी चांगल्या आजारी पडल्याच्या सबबी सांगून यायच्या बंद झाल्या होत्या. आम्ही चौघी आणि एक ते, असा कारभार चालला होता.

एप्रिलमध्ये मी ठराव मांडला. नियम सात रद्द. घरोघरी जाऊन सत्कार करायचा. मावशीनं आजारी तिघींनाही घरून उचलून आणलं. म्हणाली, "एकमतानं केला होता, एकमतानंच काढू." चिठ्ठ्या टाकल्या स्टीलच्या डब्यात.

सात बायका. उघडल्या तर चिठ्ठ्या आठ.

सात 'होय.'

आठवीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मधोमध कोळशाची आडवी फुली.

"इरोध करून राह्यला," मावशी म्हणाली. "ज्याच्यासाठी करून राह्यलो, तोच."

मी दुसऱ्या दिवशी माजरीला गेले. रहमतबीला सगळं सांगितलं. 'पुढचं नाव' म्हटल्याचंही सांगितलं. तेवढं सांगताना तिच्याकडे बघता आलं नाही.

वॉकर कोपऱ्यात उभा होता. त्याच्या चारही रबरांना ताजी कोळशाची धूळ लागलेली.

"मी रोज पुसते," ती म्हणाली. "पहिल्या रविवारी पुन्हा भरते."

मग म्हणाली, "त्याले सूट नको होती, बेटा. सूट मीच मांगत होती. तो हाजिर म्हनला, अन् तुम्ही त्याले गिनतीत नाई घेतलं. फौजी आहे. गिनती झाल्याबिगर लाईन सोडत नाई."

मेच्या पहिल्या रविवारी ती आमच्यासोबत आली. मी दहावी खुर्ची मांडली. नाव मीच पुकारलं.

टक... घसर... टक...

"हाजिर."

मावशीनं रजिस्टरवर खूण केली आणि मोठ्यानं म्हणाली, "गिनती पूरी."

मी खुर्चीच्या पाठीवर शाल टाकली. ती खाली पडली नाही. खांद्यावर बसावी तशी बसली, मधे थोडी फुगलेली. रहमतबी उठली. तिनं शाल घडी केली, पदराखाली घेतली आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "चला. पॅसेंजर सुटन."

तिच्या मागं पायऱ्यांवरून टक, घसर, टक. मग रस्ता.

त्यानंतर ठसे उमटले नाहीत. नियम सात एकमतानं रद्द झाला. डब्यात चिठ्ठ्या सातच निघाल्या.

बादच्या यादीतल्या बावीस घरांना आम्ही जायला लागलो. मूल गावाला, सिंदेवाहीला, एका घरी तर फौजी आंघोळीला बसला होता तिथंच बाहेरून गिनती घेतली. एकवीस घरं झाली.

राहिले दादाजी मडावी. एटापल्ली लांब. आधी गाडी मिळेना. मग पावसानं नाल्यावरचा रस्ता गेला. मग उर्वशीच्या घरी लग्न. मी फोन करून तारीख पुढं ढकलत राहिले. या गुरुवारीच बोलले. चांगले खणखणीत होते.

"रस्ता सुकला का या," म्हणाले. "मी काई कुठी जात नाई."

आज रविवार. सकाळी सभा झाली. दौऱ्याची तारीख ठरवायची, म्हणून मी राहिलेली यादी वाचली. एकच नाव.

"दादाजी मडावी."

खिडकीबाहेर बकरी उठली आणि बाजूला झाली...

"हाजिर."

मावशीनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"फोन लाव," म्हणाली. "सचिव तू आहेस."

संध्याकाळचे पाच वाजले आहेत. अकरापासून लावते आहे.

रिंग जाते.